ब्रेकची खांदेमळणी

मोटारीच्या ब्रेकला घरी रंग देऊ नये. द्यायचाच असेल तर पोळा उरकल्यावर द्यावा, आणि ज्या गावात दोन पाटील आहेत त्या गावात तर रंगाचा डबाच उघडू नये. हे ज्ञान मला एकोणीसशे सत्तावन्न सालच्या श्रावणात झालं. माझ्या दृष्टीने त्याला जरा उशीरच झाला, पण दुसऱ्या एखाद्या मोटारवाल्या हेडमास्तराच्या उपयोगी पडावं म्हणून लिहून ठेवतो.

आमचं गाव केदारखेड्यापासून दीड कोसावर, पूर्णेच्या काठी. नाव लिहीत नाही, कारण मला अजून तिथेच राहायचं आहे. हेडमास्तराकडे मोटार कुठून आली, हा प्रश्न भोकरदनपासून जालन्यापर्यंत सगळ्यांनी मला विचारलेला आहे. उत्तर ऐकून आजवर कोणाचंही समाधान झालेलं नाही, म्हणून ते इथे देत नाही. गाडी काळी, विलायती, तारांच्या चाकांची होती आणि गावात दुसरी मोटार नव्हती, एवढं पुरे.

मी स्वभावाने भित्रा आहे. विंचवाला भितो, म्हशीला भितो, शाळा तपासायला येणाऱ्या साहेबांना भितो, आणि सगळ्यात जास्त भितो ते या मोटारीला. ती सुरू झाली की माझ्या पोटात गोळा येतो आणि बंद पडली की वरच्या अंगाला घाम फुटतो. तरीही मी ती चालवत असे. मोटार असून चालवता येत नाही असं गावाला कळलं असतं, तर शाळेतल्या पोरांसमोर छडी कोणत्या तोंडाने उगारणार होतो? आमची सरोजिनी मात्र जाफराबादची. तिला कशाचीच भीती वाटत नाही. लग्न झाल्यापासून घरातली सगळी भीती मी एकट्याने सांभाळत आलो आहे.

तर झालं असं की, जालन्याच्या मिस्त्रीने चाकाच्या तारांतून आत बोट घालून मला सांगितलं, "हेडमास्तरसाब, ड्रम को जंग लग रहा है. बाहर से कलर मार दो, नहीं तो एक दिन ब्रेक हाथ में आएगा." ब्रेक हातात येणार म्हटल्यावर मला परतीच्या सगळ्या वाटेत दुसरं काही सुचलं नाही. राजूरच्या चढावर तर मी गणपतीला दोन वेळा हात जोडले, म्हणजे एकेक करून जोडले, कारण दुसरा हात स्टिअरिंगवर होता.

गावच्या दुकानात पोळ्यापुरते दोनच रंग आले होते, लाल आणि हिरवा. बैलांच्या शिंगांना लावायचे. मी लाल उचलला. दुकानदार माझ्याकडे बघून नुसता "बरं" म्हणाला. त्या "बरं"चा अर्थ त्याच वेळी विचारला असता तर पुढचं रामायण टळलं असतं.

शेजारी कडूबा राहतो. एक बैलजोडी, एक बैलगाडी आणि सगळ्या चाकांविषयी पक्की मतं, असा त्याचा संसार. त्याच्या मदतीने मी गाडी दगडांवर चढवली, चाकं काढली आणि चारही ड्रम, म्हणजे ब्रेकवरची लोखंडी झाकणं, ओसरीत मांडले. कडूबाची बायको झुंबरबाई शेण टाकायला निघाली होती, ती पाटी घेऊन तशीच थांबली.

"मास्तर, ह्ये आतलं काय हाय वो?" तिने उघड्या पडलेल्या अर्धगोल पट्ट्यांकडे बोट दाखवलं.

कोणी काही विचारलं की मला शिकवल्याशिवाय राहवत नाही. तो आमच्या धंद्याचा दोष आहे. मी म्हणालो, "झुंबरबाई, गाडीचं सगळं ओझं शेवटी यांच्यावर येतं. गाडी थांबवायची म्हणजे हे दोघं फाकून ड्रमला धरतात आणि सगळा भार अंगावर घेतात. बिचारे दिवसभर घासत असतात."

"अगं बाई!" झुंबरबाई कळवळून म्हणाली. "आन् कुणी त्यांच्याकडं बघत बी न्हाई."

शिकवलेलं इतकं मनाला लागलेला विद्यार्थी मला वीस वर्षांत भेटला नव्हता. मी खूश झालो. ड्रम लालभडक रंगवले, वाळवले, बसवले, आणि दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन टपाल आणायला केदारखेड्याला निघालो.

आमच्या घरापासून वेशीपर्यंत एकच रस्ता आहे आणि तो उताराचा आहे. जाताना डाव्या हाताला भुजंगराव पाटलांचा वाडा, उजव्या हाताला कारभारी पाटलांचा. दोघे सख्खे चुलतभाऊ. पोळ्याच्या दिवशी वेशीत बांधलेल्या आंब्याच्या पानांच्या तोरणाखालून पहिला बैल कोणाचा जायचा, यावरून दोन वर्षांपूर्वी बोलाचाली झाली आणि गेल्या वर्षी लाठ्या-दगड निघाले. तीन माणसांची डोकी फुटली, एकाचा हात अजून सरळ होत नाही. मी त्यानंतर दोन महिन्यांनी बदलून आलो, म्हणून वाचलो. यंदा दोन्हीकडे लाठ्यांना तेल पाजून ठेवलं आहे, असं सगळं गाव हळू आवाजात बोलत होतं. आमचं घर भांडणाच्या टप्प्यात येतं की नाही, हे मी पावलं मोजून पाहिलं होतं. येत होतं.

भुजंगराव दारात उभे होते. एरवी माझ्या नमस्काराला मान हलवणारा माणूस त्या दिवशी रस्त्यावर आला. चाकाच्या तारांतून आत बघत म्हणाला, "वा मास्तर! आपल्याला म्हाईत होतं, शिकलेला मानूस बराबर बाजूनंच उभा राहील."

मी हसलो. मला भीती वाटली की मी नेहमी हसतो. काय बराबर होतं ते कळलं नाही.

ते संध्याकाळी कळलं. कारभारी पाटील आमच्या ओसरीवर येऊन बसले. चहा घेतला नाही.  मग म्हणाले, "मास्तर, आमची दोन लेकरं तुमच्या शाळेत हायत. तुम्ही परके मानूस. तुम्हाला कुनाच्या तंट्यात पडायची काय गरज होती?"

"मी कुठे पडलो?"

"लाल रंग भुजंगच्या बैलांचा. हिरवा आमच्या बैलांचा. हे गावातलं शेंबडं पोरगं सांगंल. तुम्ही चारी चाकं लाल करून त्याच्या दारावरनं मिरवत गेल्ते. ठीक हाय." एवढं बोलून ते उठले. जाताना त्यांची काठी ओसरीच्या फरशीवर वाजली. तिला तेल लावलेलं होतं, हे मी स्वतः पाहिलं.

मी कडूबाकडे धावलो. "अरे, तू का नाही सांगितलंस?"

"मला वाटलं तुम्ही ठरवूनच घेतला आसंल," कडूबा शांतपणे म्हणाला. "तुम्ही शिकलेले. आम्ही तं बैलांच्या शिंगाला गेरू लावतो. गेरूला कुनाचा पक्ष न्हाई."

हे तो मला रंग सुकल्यावर सांगत होता. मी म्हणालो, आता गेरू लावतो. तो म्हणाला, "आता काढला तं भुजंगराव म्हनतीन मास्तर फिरले. परत फिरलेला मानूस दोन्हीकडून मार खातो." हे मला पटलं, कारण माझ्या मनातही नेमकं तेच आलं होतं.

रात्रभर तळमळून सकाळी मला उपाय सुचला, आणि तो इतका बिनतोड होता की मी सरोजिनीलाही सांगितला नाही. डाव्या चाकांचे ड्रम लालच ठेवायचे आणि उजव्या चाकांचे हिरवे करायचे. वेशीकडे जाताना भुजंगरावांच्या वाड्याला लाल दिसेल, कारभारींच्या वाड्याला हिरवा. रस्ता अरुंद. गाडीला वळसा घालून दुसरी बाजू बघायला कोण येतंय? मी उजवे ड्रम हिरवे करून टाकले आणि दुसऱ्या दिवशी मुद्दाम भोंगा वाजवत वेशीकडे गेलो. डावीकडून भुजंगरावांनी मिशीवर हात फिरवला, उजवीकडून कारभारी पाटलांनी मान हलवली. पुष्कळ दिवसांनी माझ्या जिवात जीव आला.

तो पूर्णेच्या उतारापर्यंत टिकला. तिथे माझ्या लक्षात आलं की परत येताना हीच डावी बाजू कारभारींच्या वाड्याकडे होणार आहे.

त्या दिवशी हेडमास्तराची मोटार वेशीपासून घरापर्यंत उलटी आली. पाठीमागे मान वळवून, चढावर, दोन कोंबड्या आणि कचरू सुताराची बाज चुकवत. "मास्तर, गाडी उलटी का वो चालून राह्यली?" असं विचारणाऱ्या प्रत्येकाला मी, यंत्राला असा व्यायाम द्यावा लागतो, असं सांगत होतो. मान इतकी आखडली की पुढे दोन दिवस मी वर्गात फक्त उजव्या बाजूच्या पोरांना शिकवलं. डाव्या बाजूच्यांनी तेवढ्यात गोट्यांचा एक सामना संपवला.

इथेच हे थांबलं असतं, पण लालावर हिरवा चढवला की तो तिसऱ्या दिवशी तपकिरी होतो, ही गोष्ट मला कोणी शिकवली नव्हती. तपकिरी म्हणजे कुठल्याच पक्षाचा नव्हे. पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी मी पुन्हा चाकं उतरवली. कडूबा म्हणाला, "काढलेच हायत तं चारी काढा, आन् एकेक हात आनखी मारा." मी दोन लाल, दोन हिरवे असे चारही ड्रम नव्याने रंगवून उन्हात ठेवले. पट्टे उघडेच राहिले. दुपारी चावडीवरून पोलीस जवान आला, की भोकरदनहून बंदोबस्ताला आलेल्या जमादारसाहेबांनी गाडीच्या कागदांसकट बोलावलं आहे.

जमादार म्हणजे मिशा, पट्टा आणि चष्मा. माझ्या गाडीचं बुक निजामाच्या वेळचं, उर्दूतलं. त्यांनी ते उजवीकडून उघडलं आणि रंगाच्या रकान्यावर बोट ठेवलं. "हितं लिहिलंय सियाह. म्हंजे काळी. आन् मला रिपोर्ट हाय की गाडी एका बाजूनं लाल आन् एका बाजूनं हिरवी हाय."

"साहेब, ती फक्त चाकांच्या आतून—"

"चाक गाडीचं हाय का न्हाई?"

"आहे."

"मंग औरंगाबादला तीन प्रतीत अर्ज करायचा. मंजुरी येईपर्यंत गाडी चावडीत जमा." माझा चेहरा पाहून त्यांना दया आली असावी. चष्मा काढून ते म्हणाले, "न्हाई तं दुसरी तरकीब हाय. सरकारी कामात गाडी आसली तं रंगाचा सवाल येत न्हाई." त्यांनी तिथल्या तिथे एक हुकूम लिहिला: काळी मोटार एक, मय हेडमास्तर (म्हणजे हेडमास्तरासकट), उद्या पोळ्याच्या बंदोबस्तासाठी दोन्ही पक्षांच्या बैलांच्या मध्ये उभी राहावी; कसूर झाल्यास कारवाई. "मधी मोटार उभी राह्यली की लाठी इकडून तिकडं जात न्हाई," ते समाधानाने म्हणाले.

लाठी मोटारीवर पडेल आणि मोटारीत मी असेन, हे त्यांना सुचलं नाही. मला सुचलं. पण हुकुमावर सही होती आणि मी सरकारी नोकर होतो.

घरी आलो तेव्हा दिवस मावळत होता. घाईघाईने ड्रम बसवायला घेतले. आत डोकावून बघायला उजेड नव्हता आणि मनही जागेवर नव्हतं. हळदीचा वास आला खरा. पण पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी सगळ्या गावालाच हळदीचा वास येतो. त्या संध्याकाळी बैलांची खांदेमळणी असते. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला हळद आणि तूप चोळतात, आणि बैलाच्या कानाशी लागून त्याला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण देतात. मी चाकं कसली, देवाला नमस्कार केला आणि पोटात दुखतं म्हणून न जेवता पडलो.

पोळ्याच्या सकाळी झुंबरबाई ताट घेऊन आली. बॉनेटला कुंकू लावलं, दिव्याने ओवाळलं आणि पुरणपोळीचा घास टपावर ठेवला. मला बरं वाटलं. कोणीतरी आपल्या बाजूने आहे असं वाटलं.

"आता खाय बाबा पोटभर," ती गाडीला म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "मास्तर, तुम्ही काल चावडीवर गेल्ते ना, तवा म्या ह्याचे खांदे मळून काढले बघा. चारी बी. पार आतपत्तुर."

"खांदे? मोटारीचे?"

"तुम्हीच न्हाई का म्हन्ले, सारा भार हितं पडतो, दिसभर घासून राह्यलेत म्हून? आमच्या बैलाला थोडं कमी लावलं, पन ह्याला हात आखडला न्हाई. चांगलं पावशेर तूप जिरवलंय." आणि तिने पुढच्या उजव्या चाकावर मायेने हात ठेवला.

छातीत धस्स झालं, असं लोक लिहितात. माझ्या बाबतीत ते गुडघ्यांत झालं. मी गाडीत बसलो, अंगणातल्या अंगणात एक हात पुढे नेली आणि ब्रेकवर पाय दिला. पाय अगदी मऊ, गुळगुळीत खाली गेला. गाडीने ऐकलंच नाही. ती सावकाश पुढे गेली आणि कडूबाच्या कडब्याच्या गंजीत नाक खुपसून उभी राहिली. हातब्रेक ओढला, तर तोही त्याच पट्ट्यांचा.

झुंबरबाईला काय सांगणार होतो? स्वतःच्या बैलाच्या तोंडचं तूप तिने माझ्या गाडीला लावलं होतं, आणि सणाच्या दिवशी ते मी चिंधीने पुसून काढायचं? तरी मी चिंधी शोधायला वळलो, तर दारात जवान उभा. "जमादारसाहेब थांबलेत. जल्दी."

जमादारांना मी वाटेतच गाठलं. "साहेब, गाडीचा ब्रेक आज जरासा नरम आहे."

त्यांनी वही काढली. "बगैर ब्रेकची गाडी रस्त्यावर आननं गुन्हा हाय, मास्तर. साफ सांगा. ब्रेक हाय का न्हाई?"

मी वहीकडे बघितलं. "आहे," म्हणालो.

"मंग चला."

खरी गोष्ट मी फक्त कडूबाला सांगितली. त्याने चाकाचा वास घेतला. मग म्हणाला, "तूप हाय, डिंक न्हाई. गरम झालं की उडून जाईन." आणि एक चांगला गच्च दगड उचलून गाडीच्या बाजूने चालू लागला. गंजीतून गाडी मागे काढून, पहिल्या गिअरात, मुंगीच्या पावलाने, आम्ही उतारावर आलो. जमादारांनी हात वर करताच कडूबाने पुढच्या चाकाखाली दगड सारला आणि गाडी थांबली. जमादार मागच्या सीटवर येऊन बसले. "इंजिन चालू ठेवा. कधी काय हुईन सांगता येत न्हाई."

मला ते सांगता येत होतं, पण मला कोणी विचारलं नाही.

डावीकडे भुजंगरावांचे अकरा बैल, लाल शिंगांचे, झुली घातलेले. उजवीकडे कारभारींचे बारा, हिरव्या शिंगांचे. खाली सत्तर पावलांवर वेस, आणि वेशीत आंब्याच्या पानांचं तोरण. मधे मी. बैलांच्या मागे माणसं उभी होती आणि प्रत्येकाचा एक हात पाठीमागे होता. हलगी वाजत होती, पण वाजवणाराही आमच्यासारखाच इकडेतिकडे बघत होता. भुजंगरावांचा मानाचा बैल एक पाऊल पुढे आला. लगेच कारभारींचा दोन पावलं पुढे आला. कोणीतरी शिवी दिली. पाठीमागचे हात पुढे आले.  मनात आलं, आता आपण मरणार, आणि शाळेच्या कपाटाची किल्ली कुठे ठेवलीय ते सरोजिनीला सांगायचं राहिलं.

"दगड!" मागून जमादार ओरडले. "रस्त्यातले सगळे दगड उचला! एक बी दगड ऱ्हायला नको! गेल्या साली दगडांनीच डोकी फुटली!"

हुकूम अगदी शहाणपणाचा होता. जवान कर्तबगार होता. त्याने रस्त्याच्या कडेचे दोन दगड उचलून फेकले, मग खाली वाकला आणि माझ्या चाकाखालचा तिसरा उचलला.

मी ब्रेक दाबला. तो मऊपणे खाली गेला.

त्यानंतरचं मला सलग आठवत नाही. गाडी आधी लाजत निघाली, मग तिची लाज गेली. मी भोंग्यावर हात ठेवला तो काढायचं विसरलो. जमादार मागून "रोको! रोको!" म्हणत होते आणि मी दोन्ही पायांनी रोकत होतो. बैल दोन्हीकडे सरकले, माणसं भिंतींना चिकटली, हलगीवाला ओट्यावर उडी मारून चढला, आणि तेवीस बैलांच्या, दोन पाटलांच्या आणि सगळ्या गावाच्या डोळ्यांदेखत हेडमास्तराची मोटार भोंगा वाजवत तोरणाखालून पहिली गेली. तोरण तुटून बॉनेटवर पडलं. गाडी पाणवठ्याच्या चिखलात अर्ध्या चाकापर्यंत रुतली आणि इंजिन आचके देत बंद पडलं.

 मागे बघायचं धाडस होत नव्हतं. लाठ्या घेऊन दोन्ही पक्ष उतारावरून पळत येताना ऐकू येत होते. गेली दोन वर्षं जो मान मिळवण्यासाठी डोकी फुटली, तो एका परक्या मास्तराने मोटार घालून पळवला होता. आता ते एकमेकांना मारणार नव्हते. आता ते सगळे मिळून मला मारणार होते. मी डोळे मिटून घेतले. खरं सांगतो, मला रडू आलं.

डावीकडून भुजंगराव पोहोचले. धापा टाकत त्यांनी चाकाकडे पाहिलं. चिखलाच्या वर उरलेला ड्रम लालभडक होता. ते थोडा वेळ बघत राहिले, जणू काही हिशोब जुळवत होते. मग मागे वळून ओरडले, "लाल! आपला लाल म्होरं गेला रे!"

त्याच वेळी उजवीकडून कारभारी पाटलांचा आवाज आला, "हिरवा हाय! बघा, बघा, हिरवाच हाय!"

गाडीच्या दोन्ही बाजूंना एकदम गुलाल उडाला. मधे गाडी असल्यामुळे कोणाला पलीकडचं चाक दिसत नव्हतं, आणि वळसा घालून बघायला कोणी गेलं नाही. चिखल होता, हे एक कारण. दुसरं कारण मला संध्याकाळी कळलं. तोरण तुटलेलंच होतं, तेव्हा सगळे बैल धक्काबुक्की करत, वाटेल त्या क्रमाने वेशीतून गेले. जमादारांनी चिखलात हरवलेली टोपी शोधून काढली आणि वहीत लिहिलं की, बंदोबस्ताच्या वाहनाने योग्य वेळी पुढाकार घेतल्यामुळे शांतता राहिली. माझं नाव लिहिलं नाही. मी आभारी आहे.

दिवेलागणीला मी ओसरीत गुडघे चोळत बसलो होतो. भुजंगराव एकटेच आले, काठी न घेता. बसले. म्हणाले, "मास्तर, कुनाला बोलू नका. पोळ्याची आवस जवळ आली की घास जात न्हाई. मला वाटायचं, यंदा माझं एक पोरगं जातं. म्होरं जावं तं मारामारी, मागं ऱ्हावं तं लोक थुंकतीन. तुमची गाडी निघाली तवा म्या देवाचं नाव घेतलं, म्हन्लं जाऊ दे हिला." त्यांनी डोळे पुसले. पाटलाला रडताना मी प्रथमच पाहिलं. "तुम्हाला न्हाई का भ्याव वाटलं?"

आयुष्यात पहिल्यांदा मी खरं बोललो. "पाटील, मी अजून भितो आहे."

तेवढ्यात परसदाराकडून खोकल्याचा आवाज आला. मी आत गेलो. स्वयंपाकघराच्या दाराशी कारभारी पाटील, अंगावर उपरणं घेऊन उभे. "कुनी बघितलं न्हाई ना? मास्तर, एक बोलायचं हाय. आठ दिस झाले, मला नीट जेवन गेलं न्हाई बघा..."

पुढचा अर्धा तास मी ओसरी आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये येरझारा घालत होतो. इकडचं ऐकून "हो ना" म्हणायचं, तिकडचं ऐकून "खरं आहे" म्हणायचं, आणि दोघांनी एकमेकांचा खोकला ऐकू नये म्हणून मधे मीच मोठ्याने खोकायचं. शेवटी सरोजिनीने पदर खोचला.

"अहो, हे काय चाललंय तुमचं? मला दोन ठिकाणी पानं वाढायला वेळ नाही." मी "अगं, अगं" म्हणेपर्यंत तिने मधलं दार सताड उघडलं. "कारभारी दादा, इकडे या. भुजंगराव, जरा सरकून घ्या. माझ्या घरात एकच पंगत होते."

दोघे चुलतभाऊ दोन हातांवर समोरासमोर उभे राहिले. मी दाराची चौकट धरली.  मग भुजंगराव थोडे सरकले आणि कारभारी पाटील खाली बसले. तिसऱ्या पाटावर मी बसलो, दोघांच्या मधे. सरोजिनीने पुरणपोळ्या वाढल्या, आमटी वाढली, वर तुपाची धार सोडली.

कोणी घासाला हात लावेना.

"घे तू आधी," भुजंगराव खाली मान घालून म्हणाले.

"न्हाई, तू थोरला. आधी तू," कारभारी म्हणाले.

"न्हाई न्हाई. मान तुझा."

"आरं म्हनतो ना, तुझा."

आवाज चढायला लागले. भुजंगरावांच्या मानेची शीर तट्ट फुगली. कारभारी पाटलांनी ताट दोन बोटं पुढे ढकललं. पुरणपोळी गार होऊन राहिली होती आणि दोघेही मागे हटायला तयार नव्हते. मला स्पष्ट दिसू लागलं की पुढच्या पोळ्याला कोण आधी जेवलं नाही यावरून लाठ्या निघणार आहेत. सरोजिनीने माझ्याकडे पाहिलं. 

मी पोळीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला, आणि दोन्ही पाटलांच्या देखत पहिला घास मीच घेतला.